सेक्टर सतरातून गेलेला भोपळा

१

क्षितिजाने फुलकारी कापडाचं टोक धरलं, गर्दीकडून मोठ्याने "तीन, दो, एक" म्हणवून घेतलं आणि एका झटक्यात कापड ओढलं. टाळ्या सुरू झाल्या आणि तिथल्या तिथे विरल्या. हातगाडीवर तीन रिकाम्या करंड्या पालथ्या घातलेल्या होत्या. बाकी काही म्हणजे काही नव्हतं.

"ये है अजूबा?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

क्षितिजा त्या करंड्यांकडे बघतच राहिली. सकाळी आठच्या सुमाराला तिने स्वतःच्या हाताने हे कापड पसरलं होतं, आणि तेव्हा त्याखाली भोपळा होता. आपण बाजारातून फाक आणतो तसल्या भोपळ्याबद्दल मी बोलत नाही. चार माणसांनी हाशहुश करत गाडीवर चढवलेला, बैलगाडीच्या चाकाएवढा लाल भोपळा! खरड गावाजवळच्या गुरनाम सिंगांच्या शेतात तो वाढला होता. आता त्याच्यावरचा पडदा दूर होणार, लोक त्याचं वजन ओळखणार, मग तो सगळ्यांसमोर चिरला जाणार आणि त्याचं बी जो येईल त्याला वाटलं जाणार, असा बेत होता.

लोकांना मात्र कापडाखाली काय आहे हे मुद्दामच सांगितलं नव्हतं. दोन आठवडे शहरभर एकच पोस्टर झळकत होतं. "परदे के पीछे क्या है? सौ साल पुराने देसी बीज का अजूबा! बीज सबको मिलेगा!" हे शब्द क्षितिजाचे. जाहिरातीत तिचा हात धरणारं चंदीगडमध्ये कुणी नव्हतं, असं निदान तिचं स्वतःचं मत होतं, आणि समोरची गर्दी पाहता ते अगदीच खोटं नव्हतं.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीपायी नाशिकहून चंदीगडला आलेल्या या बाईने मनीमाजऱ्यातल्या एका पार्किंगच्या कोपऱ्यात शेतकऱ्यांचा रविवार बाजार सुरू केला होता. पिकवेल त्यानेच विकायचं, मधे दलाल नाही. आणि नऊची घंटा वाजल्याखेरीज कुणी कोथिंबिरीची काडीसुद्धा विकायची नाही. या घंटेच्या बाबतीत ती शाळेतल्या बाईंपेक्षा कडक होती. बाकी ज्याच्या त्याच्या रीती ती चालवून घेई. गुरनाम सिंगांची रीत अशी की दिवसभर ठेल्यावर त्यांची बायको बलजिंदर बसली तरी पहिली विक्री, म्हणजे बोहनी, सरदारजी स्वतःच्या हाताने करणार आणि तीही रोखीने. नोट कपाळाला लावून तराजूखाली ठेवली की मग दिवसभर फोनवर पैसे घ्यायला बलजिंदर मोकळी.

आज हा बाजार पहिल्यांदाच सेक्टर १७च्या मोठ्या चौकात भरला होता. फक्त एक रविवार, परीक्षेपुरता. तो पार पडला तर दर रविवारी हीच जागा मिळणार होती. नाही तर मनीमाजऱ्याचं पार्किंगही पुढच्या महिन्यात बंद होत होतं, म्हणजे सगळाच कारभार आटोपला. आणि निकाल देणाऱ्या समितीच्या अध्यक्षा सूद मॅडम पहिल्या रांगेत गॉगल कपाळावर सारून, हातात घारग्यांची प्लेट धरून उभ्या होत्या.

"मॅडम, बस थोडी देर," क्षितिजा कसंबसं म्हणाली.

"बारा बजे तक हूँ," सूद मॅडम म्हणाल्या. "उसके बाद मैं वही लिखूँगी जो मैंने देखा."

२

"घाबरून काय राहिली वं?"

मागून आवाज आला आणि क्षितिजाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. इंद्रायणी वानखडे मेथीच्या दोन जुड्या काखेत मारून उभ्या होत्या. मूळच्या अमरावतीच्या या मावशी रेल्वेच्या पार्सल खात्यात हरवलेल्या मालाचा माग काढण्यात केस पिकवून निवृत्त झाल्या होत्या. मुलगा चंदीगडला म्हणून त्याही चंदीगडला. हिंदी बोलल्या तरी वऱ्हाडीच वाटायची आणि पंजाबी बोलल्या तर समोरचा पंजाबी माणूस हसून हसून सगळं सांगून टाकायचा.

"मावशी, गेला हो भोपळा! एवढा मोठा भोपळा या चौकातून जाईल कसा? गाड्यांना आत मज्जाव आहे. कुणी खांद्यावर घेऊन निघालं असतं तर वरातच निघाली असती!"

"माल कधी हरवत नाही पोरी. त्याचं रूप तरी बदलते, नाही तर जागा. चल, मालकापासून सुरुवात करू." मावशींच्या डोळ्यांत चमक आली होती. निवृत्तीनंतर असा मुद्देमाल त्यांना मिळाला नव्हता. "आज माझी सकाळच वाईट. घंटा वाजल्या वाजल्या धावत बलजिंदरकडे गेली, म्हटलं माझ्या हातची बोहनी लाभते लोकांले. तर ते म्हणते, हो गई जी! घ्या. फोनवर पैसे देऊन मेथी उचलली अन् आली."

क्षितिजाचं तिकडे लक्ष नव्हतं. स्टेजच्या बाजूला बांबूला कापड लावून आडोसा केला होता, त्यातच ती हातगाडी सकाळपासून उभी होती आणि कार्यक्रमापुरती फक्त त्याची पुढची बाजू उघडली होती. तिथे गुरनाम सिंग एका खोक्यावर बसले होते. साठीचा धिप्पाड माणूस, आज मात्र पगडीसकट खाली ओढल्यासारखा दिसत होता.

"सरदारजी, तुम्ही शेवटचा केव्हा पाहिला?" मावशींनी आपल्या हिंदीत विचारलं.

"जब बीबी जी ने," त्यांनी क्षितिजाकडे मान वळवली, "कपड़ा डाला. आठ बजे. फिर मैं गाँव चला गया, मूलियाँ रह गई थीं. अभी लौटा हूँ."

"किसी पे शक?"

"क्या बोलूँ जी." त्यांनी हात जोडले. "जो हुआ, रब की मर्ज़ी. बीबी जी, प्रोग्राम छोटा कर दो."

क्षितिजाला त्यांची फार दया आली. पोराला जपावं तसा त्यांनी तो भोपळा जपला होता. खाली गवत अंथरून, वर सावली धरून. ती काही बोलणार तोच मावशींनी तिला कोपराने ढोसलं आणि आडोशाबाहेर आणलं.

"ज्याची चोरी झाली तो माणूस ओरडत कसा नाही वं? आमच्याकडे एक छत्री हरवली तर लोक काउंटर डोक्यावर घ्यायचे."

"धक्का बसलाय त्यांना."

"असंल," मावशी म्हणाल्या. "बरं, हा भोपळा कोणाले हवा होता?"

क्षितिजाला उत्तर शोधावं लागलं नाही. ते उत्तर समोरूनच हातात गुलाबाची कुंडी घेऊन येत होतं.

३

हरीश बत्रांचं मनीमाजऱ्याच्या बाजारात बियाणांचं जुनं दुकान होतं. रविवार बाजाराच्या मांडवाचा खर्च ते देत आणि त्या बदल्यात आपल्या रोपवाटिकेचा ठेला सगळ्यांत पुढे लावत. त्यांचं आणि गुरनाम सिंगांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. गेल्या दोन आठवड्यांत तर दोघे एकमेकांसमोर आले की एक डावीकडे बघे आणि दुसरा उजवीकडे.

"बत्राजी, आपको तो पता था ना कपड़े के नीचे क्या है?" क्षितिजाने सरळ तोफच डागली.

"मुझे क्या, उसके पूरे पिंड को, सारे गाँव को पता था." बत्रा अजिबात गडबडले नाहीत. "मैडम, आप सोच रही हैं मैंने उठवाया? किसलिए?"

"बीज के लिए! इतक्या मोठ्या भोपळ्याचं बी तुमच्या दुकानात आलं तर..." घाईत ती अर्धं मराठीतच बोलून गेली.

बत्रांना कळायचं ते कळलं. ते हसले. हसू गोड नव्हतं, पण चोराचंही वाटत नव्हतं. "वो बीज मेरे किस काम का, मैडम? मुफ़्त में दे दो तो भी ना लूँ." एवढं बोलून त्यांनी एका गिऱ्हाइकाला गुलाबाला पाणी किती घालायचं ते समजावायला सुरुवात केली.

"कोल्ह्याला द्राक्षं आंबट," क्षितिजा चालता चालता पुटपुटली.

"मले नाही वाटत," मावशी म्हणाल्या आणि वाटेतच थबकल्या. क्षणभर त्यांनी मागे वळून त्या बियाणांच्या रंगीत पुड्यांच्या माळांकडे पाहिलं. मग पुन्हा चालू लागल्या.

कारंज्यापाशी वेगळंच नाटक रंगलं होतं. निशांत फोन हात लांब करून धरून बोलत होता. "दोस्तों, अजूबा गायब! सेक्टर १७ में डाका! कमेंट में बताओ चोर कौन!" हा मूळचा सांगलीचा मुलगा सेक्टर ६७मधल्या औषधशास्त्राच्या संस्थेत संशोधन करत होता आणि रविवारी बाजाराचे व्हिडिओ बनवत होता.

"ताई, पन्नास हजार लोकांनी पाहिलंय!" तो आनंदाने ओरडला. मग क्षितिजाचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. "म्हणजे, वाईट झालंच. पण प्रसिद्धी बघ ना यार."

क्षितिजाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. निशांतच! या मुलाला व्हिडिओ चालण्याखेरीज जगात दुसरं काही दिसत नव्हतं. शिवाय तो काम कशावर करत होता? भोपळ्याच्या बियांच्या तेलावर! तिने त्याचं मनगटच धरलं.

"कुठे आहेत बिया?"

"कसल्या बिया?"

"निशांत, माझ्या बाजाराचा जीव जातोय! इथल्या सगळ्या शेतकऱ्यांचा रविवार जातोय! बऱ्या बोलाने सांग."

"ताई, मी साडेसातपासून लाइव्ह आहे! एक मिनिट बंद केला असेल तर शपथ. चेक कर. आणि बिया मी पोत्याने विकत आणतो गं, त्याला चोरी कशाला लागते?" त्याने फोन पुढे केला. खरंच, सकाळपासून हजारो माणसं त्याच्या खांद्यावर बसून फिरत होती. एवढे साक्षीदार कुठल्याही कोर्टात कुणाला मिळाले नसतील.

क्षितिजाने त्याचं मनगट सोडलं. घड्याळाचा काटा बाराकडे निघाला होता आणि तिच्याजवळचे संशयित संपले होते.

"मावशी, आता?"

मावशी नाक वर करून वास घेत होत्या. गूळ, वेलदोडा आणि तुपाचा वास कारंज्याच्या पलीकडून येत होता.

"आता," त्या म्हणाल्या, "घारगे खाऊ."

४

असल्या वेळी घारगे! क्षितिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मागोमाग गेली. कांचनकाकूंच्या ठेल्यापुढे रांग लागली होती. काकूंचे यजमान विमा कंपनीतून निवृत्त होऊन इथेच राहिले होते, आणि काकूंच्या लाल भोपळ्याच्या घारग्यांनी चंदीगडच्या अर्ध्या सरदारांना मराठी शिकवली होती. "दो घारगे देना" इतकी तरी मराठी रांगेतल्या प्रत्येकाला येत होती.

"आज लॉटरी लागली बघ," काकू कढईतून मान न काढता म्हणाल्या. "भोपळा काय निघालाय! गूळसुद्धा कमी लागला."

काकूंची एक खोड साऱ्या बाजाराला ठाऊक होती. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. आधी पुरुषमाणसाने घाव घालायचा, मग बायकांनी चिरायचा. म्हणून दर रविवारी काकू भोपळा हातात धरून "अरे भैया, ज़रा एक घाव" करत येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषाला पकडत. बाजारात नवा आलेला माणूस घाबरायचा, जुना हसत सुरी हातात घ्यायचा.

"आज कोणाले पकडलं?" मावशींनी विचारलं.

"कुणाला नाही हो. आले तेव्हा टेबलाखाली फोडी तयारच होत्या. निशांतला भोपळा आणायला सांगितलं होतं, म्हटलं पोरगं शहाणं झालं, चिरूनच घेऊन आलं."

"मी नाही आणला," मागून निशांतचा आवाज आला. तो अर्थातच कॅमेरा घेऊन हजर होता. "मला वाटलं तुम्हीच आणलात काकू, म्हणून मी गप्प बसलो."

मावशी झटकन खाली वाकल्या. टेबलाखाली, कडेच्या सावलीत, ओल्या पंच्याखाली फोडींची रास होती. त्यांनी त्यातली एक मोठी फोड उचलून साल खाली करून टेबलावर ठेवली.

फोड डुललीच नाही.

"पाह्य," मावशी म्हणाल्या. "नेहमीच्या भोपळ्याची फोड होडीवानी डुलते. ही ताटासारखी सपाट बसली. सालीला बाक किती थोडा आहे! हा बाक पुरा गोल करायचा तर भोपळा केवढा पाहिजे?"

क्षितिजाने हवेतच हात फिरवला. हात फिरत फिरत कांचनकाकूंच्या टेबलाबाहेर गेला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने फोन काढला. सकाळी कापड टाकण्याआधी घेतलेल्या फोटोत, जमिनीला टेकून राहिलेल्या बाजूवर एक पांढुरका डाग होता. तसाच डाग खालच्या दोन फोडींवर होता. त्या दोन फोडी एकमेकींना लावल्यावर डाग बरोबर जुळला.

"अगं बाई!" कांचनकाकूंच्या हातातला झारा कढईत पडला.

"पोरी," मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुझा भोपळा इथून कोणी नेला नाही. तो लोकांनी खाल्ला. सूद मॅडमच्या हातातल्या प्लेटीतसुद्धा तोच होता."

५

क्षितिजाला हसावं की रडावं कळेना. हजारभर माणसं ज्याची वाट बघत होती, तेच बोटं चाटत फिरत होती! पण चोर अजून मोकळाच होता आणि बारा वाजत आले होते. मावशींनी तिला आणि निशांतला कारंज्याच्या कठड्यावर बसवलं.

"फोन बंद कर रे पोट्ट्या. हे तुझ्या लोकांसाठी नाही." निशांतने पहिल्यांदाच, मुकाट्याने, फोन बंद केला.

"एका फोडीत तरी बी दिसलं का? नाही. गाभा खरवडून काढला आहे. चिरलेला भोपळा विकणारा असं करत नाही, बियांसकट ठेवला तर तो ताजा राहते. म्हणजे ज्यानं कापला त्याले बी बाहेर काढायचं होतं."

"मग बत्राच!" क्षितिजा उसळली.

"थांब. बत्रानं बी काढलं असतं तर बाकीच्याचं काय केलं असतं? आडोशात टाकून पळाला असता. इथं काय दिसते? फोडी कोरड्या पडू नये म्हणून ओला पंचा, उन्ह लागू नये म्हणून सावली, अन् ठेवल्या कुठं? जिथं आजच्या आज त्या पोटात जातील तिथं. तेही कापून, कारण कांचन अख्ख्याले सुरी लावत नाही हे त्याले ठाऊक. चोराले मालाची इतकी काळजी असते का वं? ज्यानं पिकवलं त्याले असते."

क्षितिजा कठड्यावरून उठलीच. "नाही मावशी. सरदारजी तर गावाला गेले होते."

"बोहनी कोणी केली?"

"काय?"

"बलजिंदर बोहनी करत नाही. ती सरदारजीच्याच हातची. घंटा वाजल्याबरोबर मी तिथं धावली, तर बोहनी झाली होती, अन् माझे फोनवरचे पैसे तिनं बिनबोभाट घेतले. घंटेच्या आधी तू कोणाले विकू देत नाही. म्हणजे घंटेनंतर गुरनाम सिंग तिथं उभा होता. आठले गावाले गेलेला माणूस नऊले इथं कसा? सगळं लपवलं त्यानं, पण जन्माची सवय राहिली. चोरी करायची म्हणून माणूस बोहनी चुकवत नाही."

"पण स्वतःचाच भोपळा?" निशांत जवळजवळ ओरडला. "का?"

"बत्रा काय म्हणाला? फुकट दिलं तरी बी घेणार नाही. बियाणांचा व्यापारी असं केव्हा म्हणते?" मावशींनी क्षितिजाकडे पाहिलं. "ज्याचं बी पुन्हा पेरलं तर तसं फळ येत नाही, तेव्हा. कंपनीचं संकरित बी असंल तेव्हा. अन् ते कोणत्या दुकानातून गेलं हे बत्राले माहीत असणारच. सौ साल पुराना देसी बीज! पोरी, हे गुरनाम सिंग कधी बोलला?"

क्षितिजाचे कान तापले. तिने आठवून पाहिलं. उन्हाळ्यात ती त्यांच्या शेतावर गेली होती. तेव्हा ते म्हणाले होते, हे शेत आजोबांनी राखलं. बियाबद्दल ते काहीच बोलले नव्हते आणि तिनेही विचारलं नव्हतं. पोस्टरला काहीतरी दणदणीत हवं होतं म्हणून घरी बसून तिने ते लिहून टाकलं होतं. पोस्टर त्यांना दाखवलं तेव्हा ते "वाहेगुरू" म्हणाले होते आणि दाढी कुरवाळत राहिले होते. तिने तो त्यांचा विनय समजला होता.

"कुंपणानं शेत खाल्लं म्हणायचं," मावशी उठत म्हणाल्या, "पण कुंपणाले काटे कोणी लावले तेही पाहा."

६

गुरनाम सिंग अजून त्याच खोक्यावर बसले होते. क्षितिजा त्यांच्यासमोर खाली, फरशीवरच बसली. कांचनकाकूंकडची डागाची फोड तिने सोबत आणली होती. त्यांनी तिच्या हातातली फोड पाहिली आणि मान खाली घातली.

"फेंक नहीं सका," ते म्हणाले. "पाँच महीने पाला था जी."

मग सगळं बाहेर आलं. आठनंतर आडोशातच त्यांनी भोपळा चिरला, भाजीच्या करंड्यांत भरून फोडी कारंज्यापलीकडे नेल्या आणि कापडाचा फुगवटा राहावा म्हणून रिकाम्या करंड्या गाडीवर पालथ्या घातल्या. बी बत्रांच्याच दुकानातलं. पोस्टर लागलं तशी गावातली माणसं घरी येऊन पाठ थोपटायला लागली, गुरुद्वारातल्या ग्रंथीजींनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. आजोबांचं बी! नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. बत्रांनी मात्र एकदा टोमणा मारला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि आज ते बी घरोघर जाणार होतं. पुढच्या साली लोक पेरणार, कुणाचा भोपळा लांबट, कुणाचा मुठीएवढा, कुणाचा फिक्का. मग सगळे म्हणणार, गुरनाम सिंगने दादाजींच्या नावावर थापा मारल्या.

"झूठ मेरा नहीं था, बीबी जी," ते हळूच म्हणाले, "पर बोना मेरे ही नाम से था."

क्षितिजाला ते शब्द थेट लागले. या वर्षभरात तिने किती शेतकऱ्यांबद्दल काय काय लिहिलं होतं, आणि एकालाही आधी वाचून दाखवलं नव्हतं. तिला फार लाज वाटली. पण रडत बसायला वेळ नव्हता. बाहेर लोक शिट्ट्या मारायला लागले होते.

ती उठली आणि तडक स्टेजवर गेली. तिने माइक हातात घेतला.

"अजूबा मिल गया है!" ती म्हणाली. गर्दी उसळली. "वो एक कद्दू था, बैलगाड़ी के पहिये जितना. और आप लोग उसे खा चुके हैं. कांचन आंटी के घारगे में!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उठला त्याने कारंज्यावरची कबुतरं उडाली. कुणी पोटाला हात लावून पाहिलं, कुणी हातातली प्लेट उंच धरली. एक आजोबा ओरडले, "ओ जी, मैंने तो चार खाए! मेरा वज़न करा लो!"

"एक बात और," क्षितिजा म्हणाली आणि हसू विरायची तिने वाट पाहिली. "पोस्टर पर लिखा था, सौ साल पुराना देसी बीज. वो झूठ था. मैंने लिखा था. मुझसे किसी ने कहा नहीं था, मैंने किसी से पूछा भी नहीं. इसलिए आज बीज नहीं बँटेगा. माफ़ी चाहती हूँ."

पहिल्या रांगेत सूद मॅडमनी गॉगल डोळ्यांवर घेतला. संपलं, असं क्षितिजाच्या मनात आलं. तिला स्टेजवरून उतरायची पायरी सापडेना.

तेवढ्यात लाकडी फळ्या करकरल्या. गुरनाम सिंग स्वतःहून वर चढले होते. त्यांनी माइक उलटा धरला, मग सुलटा धरला.

"बीज दुकान का है जी," ते म्हणाले. "बत्रे की दुकान का. अच्छी दुकान है. पर कद्दू दुकान ने नहीं, मैंने बड़ा किया. बताऊँ कैसे?"

"बताओ!" पाठीमागून पहिला आवाज आला तो बत्रांचा.

आणि सरदारजी सांगायला लागले. वेलीवर एकच फळ कसं राखायचं, बाकीची फुलं खुडताना मन कसं घट्ट करायचं, संध्याकाळी मुळाशी पाणी कसं द्यायचं, वेल जिथे जमिनीला टेकते तिथे माती कशी लावायची. बोलता बोलता त्यांचे हात मोठे मोठे होत गेले. लोक पुढे सरकले. एक बाई गॅलरीतल्या कुंडीत भोपळा येईल का विचारायला लागली, दोन कॉलेजची पोरं फरशीवर मांडी घालून बसली. वजन ओळखायच्या स्पर्धेला कोण इतकं थांबलं असतं? बारा वाजले, बारा वाजून गेले, तरी कुणी हललं नाही.

स्टेजखाली क्षितिजाच्या शेजारी सूद मॅडम केव्हा येऊन उभ्या राहिल्या तिला कळलंच नाही.

"झूठ का पोस्टर मुझे पसंद नहीं आया," त्या समोर बघतच म्हणाल्या. "यह पसंद आया. अगला संडे यहीं. और सरदारजी का यह वाला हर हफ़्ते रखो, लोग इसी के लिए आएँगे. आज ही पोस्टर में डाल दो."

क्षितिजाच्या अंगातून आनंदाची लाट गेली. तोंडाशी "पक्का, मॅडम!" आलंच होतं, मथळासुद्धा डोक्यात तयार झाला होता. तिने तो गिळला.

"पहले उनसे पूछ लेती हूँ," ती म्हणाली, आणि विचारायला गेली.